तारपा : एका घरगुती वाद्याचा इतिहास

मुंबईहून गुजरातकडे जाणाऱ्या आगगाडीतील प्रवाशास डहाणू हे नाव दोन गोष्टींसाठी ठाऊक असते. एक तेथील समुद्र आणि दुसरी तेथील चिकूच्या बागा. स्टेशनाच्या पश्चिमेस हे दोन्ही आहे. परंतु स्टेशनाच्या पूर्वेस जो मुलूख पसरला आहे, गंजाड, कासा ह्या बाजूंनी डोंगराकडे चढत जाणारा आणि उत्तरेस तलासरीपर्यंत जाऊन गुजरात व दादरा-नगरहवेलीच्या सीमेस भिडणारा, त्याची ओळख गाडीच्या खिडकीतून होत नाही. हा वारली लोकांचा मुलूख होय. दुबळे, कोकणा, धोडिया, काथोडी हेही येथे आहेत. पण वस्तीने आणि संस्कृतीने वारली हेच येथील प्रमुख. ह्या लोकांचा जुना लेखी इतिहास जवळजवळ सगळा दुसऱ्यांनी लिहिलेला आहे. 1882 साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्यांची नोंद आहे, जंगलखात्याच्या आणि न्यायकचेरीच्या दप्तरांत आहे, आणि 1945 साली के. जे. सावे ह्यांनी इंग्रजीत लिहिलेला एक स्वतंत्र ग्रंथही आहे. वारल्यांनी स्वतः जे मागे ठेविले ते कागदावर नाही. त्यांतील एक वस्तू म्हणजे तारपा हे वाद्य. ही वस्तू नीट उलगडून पाहिली, तर दप्तरांत जे सापडत नाही असे बरेच काही तिच्यात सापडते.

तारपा हे फुंकून वाजविण्याचे वाद्य आहे. दुधी भोपळ्याचा वाळविलेला तुंबा, त्यात बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि नळ्यांच्या पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब, रुंद होत जाणारा कर्णा, अशी त्याची तीन अंगे. सांधे मधमाश्यांच्या मेणाने बुजविलेले असतात. लहान तारपा तीन-चार फुटांचा असतो. मोठा माणसाच्या उंचीइतका आणि त्याहूनही मोठा करितात. ह्या वाद्यात विकत घेतलेला असा एकही भाग असावा लागत नाही. त्याला खिळा लागत नाही, तार लागत नाही, चामडे लागत नाही. घराच्या ओट्यावर बसून, कोयता आणि सुरी एवढ्या हत्यारांवर ते तयार होते.

परंतु साहित्य साधे आहे म्हणून काम सोपे आहे असे कोणी समजू नये. भोपळ्याचीच गोष्ट घ्या. वाद्यासाठी हवा तसा भोपळा बाजारात मिळत नाही. तो वेलावर हेरावा लागतो. ज्याचे पोट गोल आणि मान योग्य लांबीची, असे फळ न तोडता वेलावरच जून होऊ देतात. पुरते वाळल्यावर त्याला भोक पाडून आतील गर व बिया काढून टाकितात. साल एखाद्या जागी पातळ राहिली, कोठे बारीक चीर गेली, तर सगळी मेहनत व्यर्थ. बांबूच्या नळ्यांचेही तसेच. दोन्ही नळ्या जाडीस आणि पोकळीस एकमेकींशी जुळणाऱ्या पाहिजेत, कारण त्या जोडीने बोलतात. बोटांची भोके कोठे पाडावयाची ह्याचे माप कोणत्याही पट्टीवर नाही. ते करणाऱ्याच्या बोटांवर आणि कानावर असते.

वाद्याचा खरा प्राण तुंब्याच्या आत दडलेला असतो. प्रत्येक नळीच्या आतल्या टोकास बांबूचीच एक बारीक जीभ असते. लहानशा नळकांडीच्या सालीला चीर देऊन ती उचललेली असते. एक टोक मोकळे, दुसरे नळकांडीलाच जडलेले. तुंब्यात हवा कोंडली की ती ह्या जिभेखालून वाट काढते, जीभ थरथरते आणि स्वर उमटतो. ही जीभ जाड राहिली तर वाद्य मुके, फार पातळ झाली तर चिरके. टोकाकडून किंचित तासली की स्वर चढतो. टोकावर मेणाचा एक कण बसविला की उतरतो. दोन जिभा एका स्वरावर आणणे ही सबंध कामातील अवघड पायरी. सुरीचा एक फेर अधिक झाला की नवी जीभ करावयास बसावे लागते. ही विद्या शिकविणारे पुस्तक नाही. मुलगा बापाजवळ किंवा चुलत्याजवळ बसतो, पाहतो, बिघडवितो आणि पुन्हा करितो.

जीभ तुंब्याच्या आत असल्यामुळे तिला वाजविणाऱ्याचे ओठ लागत नाहीत, आणि म्हणून प्रत्येक स्वर फुंकरीने तोडता येत नाही. तारप्याचा आवाज अखंड चालतो. वाजविणारा गालांत हवेचा साठा धरून ठेवितो, तीच हवा तुंब्यात ढकलीत असताना नाकाने नवा श्वास घेतो, आणि स्वरात खंड पडू देत नाही. गारुड्याची पुंगी हीच युक्ती वापरते. किंबहुना तारपा हा पुंगीचाच मोठा भाऊ आहे. डांग भागातील पावरी ही त्याच घराण्यातली. चीनच्या युनान प्रांतात भोपळा आणि बांबूच्या नळ्या जोडून केलेले हुलुसी नावाचे वाद्य आहे. त्याची जीभ धातूची आणि वेगळ्या जातीची असली, तरी बांधणीतील विचार तोच. युरोपातील मशकवाद्यांत भोपळ्याचे काम कातड्याची पिशवी करिते. जेथे भोपळा पिकतो आणि बांबू वाढतो, तेथे माणसाच्या बुद्धीने ही वाट अनेकदा काढलेली दिसते.

ताडाच्या पानांचा कर्णा हे मात्र तारप्याचे स्वतःचे वैभव. नळ्यांतून निघालेला आवाज तो मोठा करितो आणि त्याला घोगरा, भरदार, दूरवर जाणारा गुण देतो. हा गुण शोभेसाठी नाही. तारपा उघड्यावर, रात्री, मोठ्या घोळक्यास नाचविण्यासाठी वाजतो. भात पिकून कापणीस आले, नवे धान्य घरात यावयाचे झाले, की तारप्याचे दिवस येतात. मध्ये तारपकरी उभा राहतो. त्याच्याभोवती पुरुष आणि स्त्रिया एकमेकांच्या कमरेस हात घालून साखळी धरितात. साखळीचा म्होरक्या घुंगरांची काठी जमिनीवर आपटून ठेका देतो. तारपकरी जसा वळेल तशी साखळी वळते, उलगडते, पुन्हा गुंडाळते. चाल बदलली की पावले बदलतात. ह्या चालींस चाळे म्हणतात, आणि त्यांत मोर, बदक, लावरी अशा पाखरांची नावे आढळतात. मध्यरात्र उलटून जाते तरी वर्तुळ मोडत नाही. पन्नास-साठ माणसांना तासन् तास एका लयीत बांधून ठेवणारे हे वाद्य एका माणसाच्या श्वासावर चालते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे गावात तारपकऱ्यास एवढा मान का, हे सांगावे लागत नाही.

वारल्यांकडे तंतुवाद्यही आहे. त्याचे नाव घांगळी. बांबूची दांडी, तिला बांधलेले दोन भोपळे, वर ताणलेल्या तारा आणि टोकास मोरपिसांचा झुपका, असे त्याचे रूप. रुद्रवीणेचा आराखडा ज्यास परिचित आहे त्याला ही बांधणी पाहताच ओळख पटेल. पण घांगळी नाचासाठी नाही. भगत ती जवळ घेतो आणि धान्याची देवता जी कणसरी, तिची कथा तिच्या साथीने गातो. तारपा मैदानाचा, घांगळी देवकार्याची. एक सर्वांना उठविते, दुसरी सर्वांना बसवून ऐकविते. दोन्ही घरीच घडतात, आणि दोहोंच्या मुळाशी भोपळा आणि बांबू.

घरच्या घरी वाद्य घडविण्याची ही ओढ केवळ रानावनातील लोकांची आहे असे मात्र नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत विजेच्या साहाय्याने आवाज मोठा करणारी गिटार जन्मास आली. 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जॉर्ज बोशँप ह्याने तारांखाली लोहचुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवून तारेच्या कंपनापासून विजेचा प्रवाह मिळविला, आणि तो ध्वनिवर्धकास जोडला. पुढे हे वाद्य मोठमोठ्या कारखान्यांत होऊ लागले. तरीही ते घरी करण्याचा नाद सुटला नाही. लंडनजवळच्या फेल्टम गावी 1963 साली ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाने, कारखान्यातील गिटार परवडत नाही म्हणून, आपल्या वडिलांच्या मदतीने घरीच एक विजेची गिटार करावयास घेतली. तिच्या दांडीस एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड लागले, स्वर हलविण्याच्या यंत्रणेस मोटरसायकलीच्या स्प्रिंगा लागल्या, पट्ट्यांवरील खुणांसाठी आईच्या डब्यातील शिंपल्याची बटणे वापरली. काम सुमारे दोन वर्षे चालले. पुढे ‘क्वीन’ ह्या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात तो आयुष्यभर तीच गिटार वाजवीत राहिला. त्याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा बलसाराच्या पारशी घराण्यातला आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेला, म्हणजे आपल्या मुलखास अगदीच परका नव्हे.

फेल्टमचा तो मुलगा आणि तलासरीच्या पाड्यावरील तारपा करणारा ह्यांची जातकुळी एक आहे. दोघेही हाताशी आहे त्यातून वाद्य काढितात. दोघांचीही परीक्षा कानच घेतो. परंतु एका बाबतीत त्यांची स्थिती अगदी निराळी आहे. शेकोटीचे लाकूड घरातले होते. ते घेण्यास कोणाची आज्ञा लागली नाही. तारप्याचे साहित्य कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न मात्र दीडशे वर्षे कायद्याच्या पुस्तकांत घोळत आहे.

1864 साली मुंबईपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला आणि ह्या मुलखातील लाकडाला शहराची बाजारपेठ मिळाली. 1878 साली हिंदुस्थानचा जंगलकायदा झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही झाला. पहिल्याने रान सरकारी झाले. दुसऱ्याने ताडाची ताडी परवान्याखाली व कराखाली आली. भाताच्या रोपांसाठी झाडांच्या फांद्या छाटून राब जाळण्याच्या जुन्या रीतीवर बंधने पडली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून एवढी ओरड झाली की सरकारला चौकशीसाठी जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल 1887 साली आला. पुढे 1927 सालच्या जंगलकायद्याने ‘झाड’ ह्या शब्दाची जी व्याख्या केली तीत ताडाच्या जातीची झाडे आणि बांबू ह्यांचा समावेश केला, आणि रानातील उत्पन्नाच्या यादीत मध आणि मेणही घातले. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. पण कायद्याप्रमाणे ते झाड झाले. तारपा करणाऱ्याच्या बाजूने ही व्याख्या वाचली तर तिचा अर्थ एवढाच होतो : भोपळा तेवढा त्याचा स्वतःचा, बाकी सारा तारपा दुसऱ्याच्या मर्जीवर.

भोपळा तरी निश्चितपणे त्याचा राहिला होता काय? वेल लावावयास जमीन हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ह्या भागातील जमिनी झपाट्याने सावकार व जमीनदारांच्या हाती गेल्या. वारली आपल्याच शेतावर कूळ झाला. मालकाच्या शेतावर फुकट राबण्याची वेठ त्याच्या मानेवर बसली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पतिपत्नींनी सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबावयाचे, ही लग्नगडीची पद्धत तर उघड गुलामगिरीच होती. 1930 नंतरच्या दशकात सिमिंग्टन ह्या सरकारी अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीची चौकशी करून ह्या अन्यायांकडे लक्ष वेधले. पण अहवालाने वेठ थांबली नाही.

ती थांबविण्याची सुरुवात 23 मे 1945 रोजी झरी गावी झाली. हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा ते उंबरगाव तालुक्यात होते. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर ह्यांच्या प्रेरणेने तेथे हजारो वारली जमले आणि वेठ करावयाची नाही, मजुरी घेतल्यावाचून राबावयाचे नाही, असा त्यांनी निर्धार केला. लग्नगडी मुक्त झाले. पुढे गवतकापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडे येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. त्यांत जेठ्या गांगड ह्याचे नाव लोकांच्या स्मरणात राहिले आहे. ह्या उठावाची हकीकत गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात लिहिली, आणि त्यास 1972 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

ह्या लढ्याचा आणि तारप्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो सरळ आहे. भोपळा जून होईतो वेलावर राखावयाचा, बांबू पारखून आणावयाचा, जीभ तासताना दोन-चार दिवस घालवावयाचे, आणि कापणीच्या दिवसांत रात्रभर नाचावयाचे, ह्या सर्वांस एक गोष्ट लागते. ती म्हणजे स्वतःचा वेळ. वेठीच्या माणसाला वेळ नसतो. त्याची कापणी मालकाच्या शेतात, त्याची रात्र मालकाच्या खळ्यावर. अशा दिवसांतही वारल्यांनी तारपा सोडला नाही, ह्यावरून तो त्यांच्या जीवनात किती खोल गेला होता हे दिसते. जे लोक वर्षानुवर्षे वर्तुळ धरून एका ठेक्यावर पाऊल टाकीत आले, त्यांना एकत्र उभे राहण्याची सवय कोणी नव्याने लावावी लागली नाही.

स्वातंत्र्यानंतर तारप्यास एक अनपेक्षित कीर्ती मिळाली. लग्नाच्या प्रसंगी घराच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची वारली स्त्रियांची जुनी रीत आहे. 1970 नंतर ही चित्रकला कागदावर व कापडावर उतरली. तिला जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे हे तलासरी तालुक्यातील धामणगावी 1934 साली जन्मले आणि डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिले. लहानपणीच आई गेल्यावर त्यांनी बोलणे टाकले होते आणि ते धुळीत चित्रे काढीत, अशी त्यांची हकीकत आहे. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते वारले. त्यांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्यांच्या चित्रांत तारपकरी आणि त्याच्याभोवती वळत गेलेली साखळी पुनःपुन्हा येते. आज ती आकृती शहरातील घरांच्या भिंतींवर, साड्यांवर, चहाच्या पेल्यांवर दिसते. ज्यांनी तारपा कधी ऐकला नाही त्यांच्याही घरी तो टांगलेला असतो.

येथेच विचार करण्याजोगा प्रश्न उभा राहतो. चित्र टिकते, वाद्य टिकत नाही. उत्तम लाकडाचे सारंगीसारखे वाद्य शंभर वर्षे वाजते आणि वयाबरोबर अधिक गोड होते. तारप्याचे तसे नाही. ताडाची पाने झिजतात, तुंब्याला चीर जाते, बांबूच्या जिभा दमतात. तारपा पुन्हा पुन्हा नव्याने करावा लागतो, आणि म्हणून त्याचे आयुष्य संग्रहालयाच्या कपाटात मोजता येत नाही. ते करणाऱ्यांच्या हातांत मोजावे लागते. एका पिढीने जीभ तासावयास शिकण्याचे राहून गेले, तर पुढच्या पिढीस कपाटातील तारपा पाहून ती कळणार नाही, कारण ती तुंब्याच्या आत असते.

आणि ही शक्यता दूरची नाही. तरुण मुले शिक्षणासाठी वसतिगृहांत आणि कामासाठी वापी, बोईसर, भिवंडीकडे जातात; नेमके कापणीचे आणि नाचाचे दिवस त्यांना गावात काढता येतातच असे नाही. लग्नात व उत्सवात विजेवर चालणारे कर्णे आले आहेत. त्यांच्या पुढे एका माणसाचा श्वास कोठवर पुरणार? ह्याबद्दल मुलांस दोष देणे अन्यायाचे होईल. ज्यांच्या आजोबांना वेठीने बांधले होते, त्यांनी शाळेची आणि पगाराची वाट धरावी ह्यात गैर काही नाही. ह्याच डोंगरपट्टीतील जव्हार तालुक्यातील वाळवंडे गावचे वृद्ध तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा ह्यांस संगीत नाटक अकादमीने गौरविले, आणि 2026 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हा गौरव योग्यच आहे. परंतु मानपत्र एका माणसास मिळते. विद्या टिकावयाची तर तिला शेजारी बसणारा दुसरा माणूस लागतो.

साहित्याचा प्रश्न कायद्याने निदान कागदावर सोडविला आहे. 2006 साली झालेल्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची जी यादी दिली, तीत बांबू, मध आणि मेण ह्यांची नावे स्पष्ट आहेत, आणि त्यांवर परंपरेने ते गोळा करणाऱ्या वननिवासी लोकांचा हक्क मान्य केला आहे. 1927 सालच्या कायद्याने जे सरकारजमा धरले, ते एकोणऐंशी वर्षांनी परत त्यांच्या नावे झाले. तारप्याच्या इतिहासातील ही लहान गोष्ट नव्हे. हक्क प्रत्यक्ष हाती येण्यास किती खेटे घालावे लागतात हा भाग वेगळा. पण बांबू तोडणारा वारली आता कायद्याच्या दृष्टीने चोर उरलेला नाही.

बांबू मिळाला, मेण मिळाले, ताडही उभे आहेत. आता उरला तो वेळ, आणि शिकणारा मुलगा. गावातील शाळेने सुताराला किंवा गवंड्याला बोलवावे त्याप्रमाणे तारपा करणाऱ्यास वर्षातून महिनाभर बोलावले, त्याच्या कष्टांचा मोबदला दिला, आणि दहा मुलांच्या हातांत सुरी आणि बांबूची काडी दिली, तर खर्च फार नाही. दहांतील आठ मुलांच्या जिभा मुक्याच राहतील. पण एखाद्याची बोलू लागेल. आणि पुढल्या वर्षी आपल्या घराच्या मांडवावर चढलेल्या वेलाकडे पाहताना तो त्यातील एक भोपळा भाजीसाठी तोडू देणार नाही.